लहानग्यांचे सुतक

यंदाच्या व्याख्यानमालेसाठी चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा आम्ही हमालांच्या चळवळीवर किंवा १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलावे अशी होती. तो आमचा नेहमीचा विषय आहे आणि त्यावर आम्ही धर्माबादेत, उमरीत आणि नांदेडला पुष्कळ बोललो आहोत. ह्या वेळी आम्ही दुःखाविषयी बोलणार असे सांगितले, तेव्हा चालकांपैकी एक गृहस्थ थोडे चपापले. दुःख हा व्याख्यानाचा विषय कसा होईल, असे त्यांना वाटले असावे. परंतु माणसाने जमीन कशी कसली आणि राज्ये कशी चालवली ह्याचा जसा इतिहास असतो, तसा तो रडला कसा ह्याचाही असतो; आणि आपल्या महाराष्ट्रात तो इतिहास अक्षरशः घराच्या जमिनीखाली सापडला आहे. आम्ही पंडित नव्हे. सार्वजनिक वाचनालयातून ग्रंथ आणून, शब्दकोश जवळ ठेवून जे समजले तेवढेच येथे मांडतो.

आरंभ आपल्या गावापासूनच करू. आपल्याकडे घरातले वृद्ध माणूस गेले की पुढे काय करायचे हे कोणाला विचारावे लागत नाही. अंत्यसंस्कारात ज्या दगडाने मडके फोडतात, तो दगड जपून ठेवतात. त्याला कोणी अश्मा म्हणतात, कोणी जीवखडा. दहा दिवस त्या दगडावर तिळाचे पाणी घालायचे, म्हणजे दहा दिवस तो दगड हेच ते माणूस. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवायचा आणि कावळ्याची वाट पाहायची. धर्माबादेची मंडळी त्यासाठी गोदावरी गाठतात. कोणी बासरला जातात, कोणी जवळच्या एखाद्या घाटावर. कावळा शिवला तर ठीक. नाही शिवला, तर मागे राहिलेल्यांपैकी एकेक जण पुढे होऊन वचन देऊ लागतो : धाकटीचे लग्न आम्ही करू, भावाचे कर्ज फेडू, वाटणीवरून भांडणार नाही. आम्ही आयुष्यात आडत्यांशी, गिरणीमालकांशी आणि सरकारी अधिकाऱ्यांशी पुष्कळ वाटाघाटी केल्या. पण कावळ्याइतका चिवट प्रतिपक्ष आम्ही पाहिला नाही. एक शब्द न बोलता तो चार लोकांच्या देखत सगळ्या मागण्या मान्य करून घेतो. शेवटपर्यंत तो आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि तडजोड होते.

ह्या सगळ्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि तरुणपणी आम्ही तसे झालोही होतो. आता वाटते, त्यात मोठा शहाणपणा आहे. दगड हाताला लागतो, पाणी ओंजळीतून जाते, कावळा डोळ्यांनी दिसतो. जे दिसेनासे झाले त्याच्या जागी निसर्गातली एखादी वस्तू ठेवून तिच्याशी बोलायचे, आणि ठरलेल्या दिवशी ती वस्तूही सोडून द्यायची. शास्त्रकारांनी तर देहच मिळाला नाही अशा माणसाचीही सोय करून ठेवली आहे. परदेशी मेला, पुरात वाहून गेला, तर पळसाचे ३६० देठ मांडून त्याची आकृती करावी आणि तिला अग्नी द्यावा. आपल्याकडे पळस विपुल आहे, आणि पोटासाठी दूर गेलेली माणसेही विपुल आहेत.

पण एवढी बारीक सोय करणारे हेच शास्त्र एका ठिकाणी हात आखडते. ते ठिकाण म्हणजे लहान मूल. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दोन वर्षांच्या आतल्या मुलाविषयी सांगितले आहे, ते असे : त्याला सजवून गावाबाहेर शुद्ध जमिनीत पुरावे; त्याला अग्नी नाही, पाणी नाही; रानात लाकूड टाकून यावे तसे टाकून यावे आणि तीन दिवस सुतक पाळावे. याज्ञवल्क्यानेही दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पुरावे आणि पाणी देऊ नये असेच सांगितले. ज्याला अग्नी नाही त्याला पिंड नाही, आणि ज्याला पिंड नाही त्याच्यासाठी कावळ्याची वाट पाहणे नाही. मुसलमान बांधवांत जन्मून श्वास घेतलेल्या मुलासाठी जनाज्याची नमाज होते. आपल्या बहुतेक हिंदू घरांत मात्र बाप किंवा चुलता कापडात गुंडाळलेले मूल घेऊन जातो, खड्डा करतो आणि परत येतो. आई बहुधा बरोबर जात नाही. पुष्कळ बायांना ती जागा नेमकी कोणती हेही सांगितले जात नाही. आमच्या स्वतःच्या घरीही एकदा असा खड्डा खणला गेला आहे. त्याविषयी याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही.

धर्माबाद हे मिरचीचे गाव. हंगामात मिरचीचे देठ खुडायला शेकडो बाया बसतात. हाताची आग होते, डोळे चुरचुरतात, मजुरी वजनावर. वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका जागी आम्ही सभासदत्वाच्या पावत्या फाडीत बसलो होतो. पैसे काढण्यासाठी एका बाईने कमरेची पिशवी सोडली, तर तिच्यातून एक मातीचा बैल बाहेर आला; पोळ्याला कुंभार विकतो तसला, बोटभर, एक शिंग मोडलेले. विचारता कळले की तिचे मूल चार महिन्यांचे होऊन गेले होते. त्याच्या पहिल्या पोळ्यासाठी म्हणून तिने आधीच बैल घेऊन ठेवला होता; पोळा आला तेव्हा मूल नव्हते. तेव्हापासून दर पोळ्याला ती नवा बैल घेई, जुना गोदावरीत सोडी, आणि नवा वर्षभर कमरेला बाळगी. हे तिला कोणी सांगितले नव्हते. घरात कोणाला ठाऊकही नव्हते.

आम्ही त्या काळी शिबिरांतून कर्मकांडाविरुद्ध बोलत असू. आम्ही तिला तेथेच, दहा बायांच्या समोर, समजावून सांगू लागलो : अक्का, मेलेले परत येत नाही, मातीच्या बैलात काही नसते, त्यापेक्षा त्या पैशात मोठ्या मुलीला वही घे. तिने सगळे ऐकून घेतले, बैल पिशवीत ठेवला आणि म्हणाली, ‘‘तुमचं खरं असंल दादा. पन त्याचा पोळा कोन करील?’’ ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. वाईट ह्याचे वाटते की त्या वेळी आम्हांला उत्तर आहे असे वाटले होते.

ह्यानंतर पुष्कळ वर्षांनी इनामगावच्या उत्खननाचा वृत्तान्त आमच्या हाती आला. इनामगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने खोदकाम केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. वृत्तान्त १९८८ साली प्रसिद्ध झाला. भारतातल्या जुन्या शेतकरी वस्त्यांपैकी इतक्या बारकाईने उकललेल्या वस्त्या थोड्याच. सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे लोक तेथे राहिले. ते बार्ली पिकवीत, गुरे पाळीत, तांबे बेताने आणि दगडाची पाती सढळ हाताने वापरीत. राजे नाहीत, लेख नाहीत. घरे कुडाची आणि मातीची.

ह्या घरांच्या जमिनीखाली दोनशेहून अधिक दफने निघाली आणि त्यांतली बहुसंख्य लहान मुलांची होती. दोन मडकी घ्यायची, त्यांत मूल ठेवायचे, मडक्यांची तोंडे एकमेकांस जोडायची, आणि घराच्या जमिनीत खड्डा करून ती जोडी आडवी ठेवायची. शेजारी एखादी तोटीची झारी आणि वाडगा. वर पुन्हा माती, पुन्हा सारवण, आणि त्याच जमिनीवर स्वयंपाक, निजणे, दुसऱ्या मुलांचे रांगणे. मोठ्या माणसांना निजवून पुरीत, पण त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले सापडतात. गेलेल्याने उठून भटकू नये, ही त्यामागची समजूत असावी असे संशोधकांनी म्हटले आहे. मोठ्यांची भीती होती. लहानांची भीती नव्हती. त्यांना जवळ ठेवायचे होते. जोडलेल्या मडक्यांचा आकार गर्भाशयासारखा मानला गेला आहे, आणि ज्याने बाळंतिणीचे घर पाहिले आहे त्याला ह्यासाठी पंडिताची साक्ष लागणार नाही. जेथून आले तेथे परत, आणि जमल्यास पुन्हा येण्यासाठी.

मनुस्मृतीच्या काळाआधी शेकडो वर्षे ही माणसे होऊन गेली. त्यांनी मूल रानात लाकडासारखे टाकले नाही. एवढी मडकी तरी कोणाची होती? घरातली. धान्याची, पाण्याची. गरीब घरातून दोन चांगली मडकी कायमची जमिनीत घालणे हा त्या काळी लहान खर्च नव्हता.

नेवाशाला हाच प्रकार आणखी जवळून दिसतो. प्रवरेच्या काठी नेवासे येथे १९५४ पासून सांकलिया आणि त्यांचे सहकारी खणीत होते. तेथल्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. तांब्याच्या कळंकामुळे मण्यांतला दोरासुद्धा तीन हजार वर्षे टिकून राहिला. ग्रंथांतून ह्या दोऱ्याची चर्चा होते ती वस्त्रोद्योगाच्या इतिहासासाठी, आणि ती योग्यच आहे. कापूसपट्ट्यातल्या आपण लोकांना तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण आम्हांला त्या पानावर थांबावे लागले ते दुसऱ्या कारणाने. तांबे दुर्मीळ असलेल्या काळात कोणी तरी ती माळ काढून घेतली नाही.

आता मूर्तीकडे येऊ. इनामगावच्या एका घरात, सुमारे इ. स. पूर्व १३०० च्या थरात, जमिनीखाली पुरलेली एक लंबगोल मातीची पेटी मिळाली. पेटीला झाकण होते. आत एक स्त्रीमूर्ती, आणि झाकणावर आणखी एक स्त्रीमूर्ती व एक बैल. झाकणावरच्या मूर्तीला डोके नाही. मोडलेले नव्हे, मुळातच केलेले नाही. तिच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोके आहेत. त्यांत एक काडी घातली की बिनडोक्याची ती बाई बैलावर बसते. सगळे काम कच्च्या मातीचे, भट्टीत न भाजलेले. ही बिनडोक्याची देवता लेकराबाळांच्या रक्षणाशी निगडित असावी असा संशोधकांचा तर्क आहे. पुढे सातवाहनकाळात आणि नंतर मराठवाड्यात तेर, भोकरदन अशा ठिकाणी शिर नसलेल्या मातृदेवतेच्या मूर्ती मिळाल्या. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ ह्या ग्रंथात तिचा मोठा शोध घेतला आहे, तो जिज्ञासूंनी मुळातूनच वाचावा.

इनामगावच्या पेटीचे छायाचित्र पाहताना आमच्या डोळ्यांपुढे मिरचीच्या ढिगाजवळचा तो एका शिंगाचा बैल आला, हे कबूल करतो. तीन हजार वर्षांची अखंड परंपरा, असे एक टाळीचे वाक्य येथे सहज म्हणता आले असते. ते म्हणू नये. इनामगावच्या पेटीत मूल नव्हते. ती थडगे नव्हे. आणि आमच्या अक्काने इनामगावचे नाव ऐकलेले नव्हते. बैल दोन्हीकडे आला, कारण दोन्हीकडचे जगणे बैलाच्या पाठीवर होते. पण एक गोष्ट दोन्हीकडे खरोखर सारखी आहे, ती म्हणजे कच्ची माती. भाजलेली मूर्ती टिकवण्यासाठी असते. कच्ची मूर्ती काम झाले की मातीत किंवा पाण्यात परत देण्यासाठी. आपला पार्थिव गणपती असाच, हरितालिकेची वाळूची पिंडही अशीच. ज्याने कच्च्या मातीला आकार दिला त्याला आधीपासून ठाऊक असते की हे विरघळणार आहे. दुःखाला असेच काही तरी लागते असे दिसते : हाती धरता येईल एवढे घट्ट, आणि सोडता येईल एवढे मऊ.

तेरचा उल्लेख आला आहे, तर तेथे थोडे थांबू, कारण हे आपल्या शेजारचे गाव आणि लातूरहून एका दिवसात पाहून परत येता येते. धाराशिव जिल्ह्यातले हे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव आहे आणि येथून कापड भडोचच्या बंदराकडे जात असे. रामलिंगप्पा लामतुरे ह्या गृहस्थांनी गावात सापडणाऱ्या वस्तू जमवल्या. आज त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय तेथे आहे. तेथल्या मातीच्या मूर्ती पाहिल्या की इनामगावापासून आपण किती दूर आलो ते कळते. केओलीनची पांढरी माती, दोन साचे, आतून पोकळ, बाहेरून दागिने आणि केशरचना रेखीव. हे कारागिरांचे काम आहे, बाजारासाठी केलेले. एका साच्यातून अनेक निघत. कामगार चळवळीतला माणूस म्हणून आम्हांला ते हात आदरणीय वाटतात. पण इनामगावची ती ओबडधोबड बाई कोणी विकत आणलेली नाही, एवढे तिच्याकडे पाहताच समजते.

ह्याच तेरमध्ये तेराव्या शतकात गोरोबा झाले, जातीने कुंभार. त्यांची कथा येथे बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवीत असता त्यांचे रांगते मूल पायांखाली आले आणि त्यांना कळलेच नाही. कीर्तनकार ही कथा भक्तीची परिसीमा म्हणून सांगतात आणि पुढे पंढरपुरात मूल हसत परत येते, तेथे टाळ्या पडतात. आमचे लक्ष लहानपणापासून त्या आईकडे जात आले आहे. ती पाण्याला गेलेली असते. परत येऊन चिखल पाहते. कथेत तिचा आक्रोश आहे आणि राग आहे, नवऱ्याला आणि देवाला दोघांनाही सुनावणारा. लोकांनी ही कथा सातशे वर्षे जपली, ती केवळ चमत्कारासाठी जपली असे आम्हांला वाटत नाही. मातीत मूल जाणे आणि मातीतून मूल परत मागणे ही गोष्ट त्यांच्या घरची होती. ज्या गावाच्या ढिगाऱ्यांतून मातृदेवतेच्या मूर्ती निघतात, त्याच गावात ही कथा घडली असे सांगतात, हा योगायोगच; पण तेरणेच्या काठी गोरोबांच्या समाधीपाशी उभे राहिले की तो विसरता येत नाही.

बाहेरच्या जगात एका देशाने ह्या मुक्या सुतकाला उघड जागा दिली आहे. जपानात गेलेल्या बालकांचा, न जन्मलेल्यांचासुद्धा, सांभाळ करणारा जिझो नावाचा बोधिसत्त्व आहे. त्याच्या लहान दगडी मूर्ती देवळांच्या आवारात रांगेने उभ्या असतात. आया त्यांना लाल लाळेरे बांधतात, टोप्या घालतात, जवळ खेळणी ठेवतात. कोणी नुसतेच दगडावर दगड रचून जाते. हा जिझो परका नव्हे. त्याचे मूळ नाव क्षितिगर्भ, म्हणजे पृथ्वी हाच ज्याचा गर्भ तो. आणि आपल्या वेरूळच्या बाराव्या लेण्यात आठ बोधिसत्त्व कोरले आहेत त्यांत तोही आहे. येथून तो चीनमार्गे जपानला गेला आणि तेथे लेकुरवाळ्या आयांचा झाला. आपण मात्र वेरूळला जातो ते कैलास पाहण्यासाठी, आणि बाराव्या लेण्यापर्यंत पोचेतो पाय दमलेले असतात.

आपल्याकडे दगड उभे केले ते वीरांसाठी. मराठवाड्यात असे गाव विरळा की जेथे मारुतीच्या देवळामागे एखादा वीरगळ पडलेला नाही : खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत, वर तो शिवलिंगापुढे बसला आहे. गायी सोडवताना मेलेल्या माणसाला दगड मिळाला, हे योग्यच झाले. पण इनामगावच्या मुलांच्या दातांवर उपासमारीच्या आणि आजारांच्या रेघा अभ्यासकांना दिसल्या आहेत. तीही एक लढाई होती, आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आयांनी झाडाला बांधलेल्या झोळ्यांतही ती चालूच होती. तिचा वीरगळ कोठे नाही.

कायद्यानेही ह्या सुतकाची दखल घेतली ती उशिरा आणि अर्धीच. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने गर्भपात झालेल्या कामगार बाईला सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. ती कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असलेल्या बाईला. वजनावर देठ खुडणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच पटावर नव्हते. ती चौथ्या दिवशी ढिगाजवळ येऊन बसे, आणि तिचे डोळे कशाने लाल झाले आहेत हे मिरचीमुळे कोणाला कळत नसे. आमच्या संघटनेच्या मागण्यांच्या यादीत मजुरी होती, पिण्याचे पाणी होते, सावली होती, हातमोजे होते. लहान मूल गेलेल्या बाईला आठ दिवस काम नसता मजुरी, ही मागणी आम्ही स्वतः फार उशिरा घातली. बैल पाहिल्यानंतरही काही वर्षांनी. वाटाघाटीला बसलेल्या एकाने विचारले, ‘‘हे कशात बसते?’’ आम्ही म्हटले, कशात बसत नाही म्हणूनच मागतो आहोत. ती मागणी अद्याप यादीतच आहे.

अक्का आता थकल्या आहेत. देठ खुडायला येत नाहीत. मागल्या पोळ्याला त्यांच्या नातीने निरोप आणला की गुडघे चालत नाहीत, दादांना वेळ असला तर नदीपर्यंत न्यावे. आम्ही सायकल मोटार सांगून गेलो. बाभळीच्या बंधाऱ्याचे दरवाजे २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवावे लागतात. दोन राज्यांचा तो जुना तंटा आहे आणि आमच्या शेतकऱ्यांना तो आजही बोचतो. पण पोळा त्या मुदतीत येतो, म्हणून नदी त्या दिवशी वाहती होती. अक्कांनी पिशवी सोडली. बैल पाण्यात ठेवला, सोडला नाही; दोन बोटांनी धरून ठेवला. पाणी गढूळ होते, आणि बैल आधी शिंगांकडून विरघळू लागला. त्या म्हणाल्या, ‘‘आता बासरला जाईल, दादा.’’ आम्ही म्हणालो, जाईल. मग त्यांनी नव्या बैलाला कुंकू लावले आणि तो नातीच्या हातात दिला.